उन्हाळ्याच्या तोंडावर परड्यातील कामे



भाताची मळणी कधीच उरकली, कडधान्ये घरात येत आहेत, आणि आंब्याला मोहोर धरला आहे. पहाटे अजून चादर लागते, पण दुपारी अंगणात उभे राहवत नाही. शेतात काम थोडे, म्हणून परड्याकडे लक्ष द्यायला हाच काळ बरा. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर, म्हणजे साधारण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आसपासपर्यंत, ह्या सहा आठवड्यांत परड्यात काय करावे आणि काय करू नये, हे आज थोडक्यात सांगायचे आहे.

प्रथम आमची एक चूक सांगतो. आमच्या घरी बागकामाचे एक जुने विलायती पुस्तक आहे. त्यात मार्च महिन्याच्या कामांत झाडांची छाटणी, हिरवळीला खत आणि नव्या रोपांची लावणी अशी यादी दिली आहे. एके वर्षी आम्ही ती यादी तंतोतंत पाळली. लिंबाच्या दाट फांद्या मार्चमध्ये निर्धास्तपणे उतरवल्या. उघड्या पडलेल्या खोडावर ऊन लागले, साल तडकली, आणि मेअखेर निम्मे झाड वाळले. पुस्तक खोटे नव्हते. ज्या देशासाठी ते लिहिले तेथे मार्चमध्ये थंडी सरते, जमीन ओली असते आणि पुढे पाऊस असतो. आपल्या बेळगाव-खानापूर भागात काय किंवा गोव्यात काय, मार्चमध्ये जमिनीतली ओल सरत असते आणि पुढे कडक ऊन असते. वळवाची एखादी सर येते, पण तिच्या भरवशावर बाग ठेवता येत नाही. खरा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून मोजले तर शंभर दिवस काढायचे आहेत. म्हणून ह्या दिवसांतले प्रत्येक काम करताना एकच प्रश्न विचारावा : ह्या कामाने विहिरीचे पाणी वाचेल की जास्त लागेल?

पाण्याचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतले तर ते एक मिलिमीटर पावसाइतके होते. हे गणित सोपे आहे आणि फार उपयोगी आहे. मार्चच्या उन्हात गवताने झाकलेली ओली जमीन दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी हवेत सोडते. एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त.

आता घरापुढे १० मीटर लांब व १० मीटर रुंद अशी हिरवळ आहे असे धरा. ती हिरवीगार ठेवायची तर रोज ५०० लिटर पाणी लागेल. १५ लिटरची घागर धरली तर ३३ घागरी. शंभर दिवसांत ५० हजार लिटर. त्याउलट १० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे भाजीचे चार वाफे असतील तर त्यांना मिळून रोज ७५ ते ९० लिटर, म्हणजे पाच-सहा घागरी पुरतात. एवढ्यात घरची भेंडी, तांबडी भाजी, काकडी निघते. ज्यांच्या विहिरीला मेमध्ये तळ दिसतो त्यांनी हा हिशोब आताच करावा. एप्रिलमध्ये करून उपयोग नाही, कारण तोवर पाणी गेलेले असते.

पाणी द्यावे ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकते. पाणी दिल्यावर तासाभराने खुरप्याने एका कडेला उकरून पाहावे. सहा इंच खोलपर्यंत ओल गेली असेल तर पाणी पुरेसे झाले.

वेलांसाठी मडक्याची जुनी युक्ती चांगली आहे. साधे, न रंगवलेले, न झिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे आणि भोवती कारले, दोडका किंवा काकडीचे वेल लावावेत. मडक्यातले पाणी झिरपून थेट मुळांना मिळते. जमिनीप्रमाणे दोन ते चार दिवसांनी मडके भरावे. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर त्यात डास होतील. खानापूरचे कुंभारकाम प्रसिद्ध आहे. तिकडच्या लोकांना मडकी दूर शोधायला नकोत, आणि बारीक चीर गेलेले, चुलीवर चढवायला निकामी झालेले मडकेही खालचा भाग शाबूत असेल तर ह्या कामी चालते.

पालापाचोळा जाळू नका

ह्या दिवसांत फणस, आंबा, काजू, साग सगळ्यांची पाने गळतात. सकाळी अंगण झाडायचे, कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी लावायची, ही घरोघरची रीत. आमच्याही घरी होती. पण जो पाला आपण जाळतो तोच उन्हाळ्यात जमिनीची छत्री होऊ शकतो. शिवाय फेब्रुवारी-मार्चचा वारा बेभरवशाचा असतो. एका ठिणगीने काजूची बाग पेटल्याची उदाहरणे आपल्या भागात ऐकू येतात. धुराने म्हाताऱ्यांना आणि दम्याच्या रोग्यांना त्रास होतो तो वेगळाच.

भाजीच्या वाफ्यात ओळींमधून, वेलांच्या आळ्यांत आणि फळझाडांच्या बुंध्याभोवती तीन इंच जाडीचा पाल्याचा थर द्यावा. आधी पाणी द्यावे, मग पाला पसरावा. खोडाला मात्र पाला टेकू देऊ नये. चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी आणि बुरशी खोडापर्यंत पोचते. आच्छादन केल्यापासून आम्ही जी भेंडी एक दिवसाआड भिजवत होतो ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिजवतो. तण कमी उगवते हा आणखी एक फायदा. माडाच्या आळ्यात सोडणे पसरावीत. ती पाठ वर करून ठेवली म्हणजे वळवाचे पाणी वाटीत साचत नाही आणि डासांनाही जागा मिळत नाही.

येथे एक इशारा द्यायचा आहे. आच्छादनासाठी पाला आपल्या अंगणातला आणि बागेतला घ्यावा. जंगलात जाऊन पाचोळ्याच्या बुट्ट्या भरून आणण्याची सवय आपल्याकडे आहे. तिच्यात माकडतापाचा धोका असतो. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचे रोगी आढळले. जंगलातील पाचोळ्यात राहणाऱ्या बारीक गोचिडी चावल्याने तो होतो, आणि त्यांचा जोर हिवाळ्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत असतो. म्हणजे नेमका काजूचा हंगाम आणि पाला गोळा करण्याचे दिवस.

काजू वेचायला किंवा लाकडाला जंगलकडेला जावेच लागते. अशा वेळी अंगभर कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारे तेल मिळते ते उघड्या अंगाला लावावे. पाचोळ्यावर बसू नये किंवा आडवे होऊ नये. घरी आल्यावर कपडे कडकडीत पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि मुलांचे अंग, विशेषतः काखा, जांघा, कानामागची जागा, तपासून पाहावी. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे. जंगलात जाऊन आल्यावर पुढच्या आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून आल्यासारखे दुखणे सुरू झाले तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नयेत. डॉक्टरांकडे जावे आणि जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

तीन महिन्यांत खत

आच्छादन करून उरलेल्या पाल्याचे खत करावे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खड्डा भरला तर पावसाच्या आधी खत तयार होते, आणि नेमके तेव्हाच ते हवे असते.

ह्या कामी इंदूर पद्धत अजूनही उत्तम आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत ती बसवली. तिच्यावरचे जे पुस्तक १९३१ साली निघाले त्यावर हॉवर्ड ह्यांच्याबरोबर यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. आपल्या शेतकऱ्याकडे असतो तोच पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख, एवढ्यावर ती चालते. विकत काही आणावे लागत नाही.

घरच्या पुरता ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूटच खोल खड्डा घ्यावा. फार खोल खड्ड्यात हवा पोचत नाही आणि पाला कुजण्याऐवजी सडतो. तळाला काटक्या घालाव्यात. त्यावर सहा इंच पाला, त्यावर दोन इंच शेण, त्यावर गोठ्यातली माती व मूठभर राख, आणि पाण्याचा शिडकावा. असे थर जमिनीच्या वर फूटभर येईपर्यंत द्यावेत. चार दिवसांत आत हात घालवणार नाही इतकी उष्णता होते. तशी झाली म्हणजे काम बरोबर चालले आहे असे समजावे. दोन आठवड्यांनी, मग एक महिना झाल्यावर आणि पुढे दोन महिने झाल्यावर असा तीन वेळा ढीग खालीवर करावा. प्रत्येक वेळी पाणी मारावे. मूठ दाबल्यावर ओल लागावी पण पाणी गळू नये, इतपत ओल पुरे. काजू आणि सागाची पाने चिवट असतात. ती चुरून, इतर पाल्यात मिसळून घालावीत. शिजलेले उष्टे अन्न खड्ड्यात टाकू नये. त्याने उंदीर येतात, आणि उंदरांमागून साप.

हिरवळीचे काय करावे

घरापुढे हिरवळ असावी ही हौस आता आपल्याकडेही आली आहे. आखातातून सुट्टीवर आलेल्या मुलाला ती हवी असते, चर्चच्या आवारातही ती शोभून दिसते. आमचा तिला विरोध नाही. पण तिचा स्वभाव ओळखून वागावे.

आपल्याकडची बहुतेक हिरवळ हरळीची असते. हरळी ही उन्हाची सोबतीण आहे. पाणी तुटले की ती वरून पिवळी पडते, पण खालची मुळे आणि गाठी जिवंत राहतात, आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा हिरवी होते. म्हणून पाणी कमी असेल तर हिरवळ पिवळी पडू द्यावी. ती मेली असे समजून खणून काढू नये. विकतच्या रुंद पानांच्या गवताला इतका दम नसतो. त्याची जागा निम्मी करावी आणि उरलेल्या जागेत अबोली, मोगरा ह्यांसारखी झाडे लावून बुंध्याशी आच्छादन करावे.

ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी आताच गवत थोडे उंच ठेवायला लागावे. दीड ते दोन इंच उंची असू द्यावी. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. उंच गवत आपल्याच मुळांवर सावली धरते. कापलेले बारीक गवत तेथेच राहू द्यावे. रासायनिक खत मार्चनंतर घालू नये. खत घातले की गवत वाढते, वाढले की पाणी मागते. ते पावसाच्या तोंडावर घालावे. नवी हिरवळ लावायची असेल तर जूनपर्यंत थांबावे. आता फक्त जागा साफ करून ठेवावी.

साफसफाईत दोन तणांकडे विशेष लक्ष हवे. पहिला लव्हाळा. तो वरून उपटला की हातात पाने येतात आणि जमिनीत गाठी राहतात. कुदळीने तोडला तर गाठींची साखळी तुटते आणि एकाचे चार होतात. कुदळीने खोल माती उकरून गाठीसकट वेचावा आणि गाठी उन्हात कडक वाळवाव्यात. खतखड्ड्यात टाकू नयेत.

दुसरे गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो. १९५० च्या दशकात ते पुण्याच्या बाजूला प्रथम नजरेस आले आणि मग सगळीकडे पसरले. त्याने अंगाला खाज व चट्टे येतात, काहींना दम लागतो. ते खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आले आणि आता बऱ्याच ठिकाणी दिसतात, पण ते पावसाळ्यात काम करतात. आता ओलीच्या जागी जी झाडे उभी आहेत ती फुलावर येण्याआधी आपणच उपटावीत. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. ज्यांना एकदा खाज आली आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

कोणती भाजी लावावी

कोबी, फ्लॉवर, वाटाणा ह्यांचे दिवस संपले. ती रोपे आता लावून पाणी फुकट घालवू नये. फेब्रुवारीअखेरपर्यंत भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, दुधी आणि तांबडी भाजी लावावी. उशीर करू नये. मार्चच्या मध्यानंतर लावलेल्या भेंडीवर पांढरी माशी फार येते आणि पाने पिवळी पडणारा केवडा रोग पसरतो.

भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून, ओळींत एक फूट आणि झाडांत वीतभर अंतर ठेवून टोकावे. दीड महिन्यात भेंडी सुरू होते. तांबडी भाजी महिन्याभरात काढायला येते. पैशाची आणि भाजीची तंगी असेल त्या घराने आधी हीच लावावी. वेलांना दीड फुटाचे आळे करून दोन घमेली मुरलेले शेणखत घालावे, चार बिया टोकाव्यात आणि जोमदार दोन वेल ठेवावेत. दुपारच्या उन्हात रोपांवर माडाच्या झावळीची सावली करावी.

केवडा पडलेले भेंडीचे झाड दिसताच उपटून पुरावे. त्याला औषध नाही. काकडी-कारल्याची किडकी, गळालेली फळे तेथेच पडू देऊ नयेत. त्यांत फळमाशीच्या अळ्या असतात. रोज गोळा करून दोन फूट खोल पुरावीत.

गोव्याकडे शेतातील अळसांदे आणि आमच्याकडे पावटा आता वाळतो आहे. चांगल्या वेलावरच्या पहिल्या भरदार शेंगा बियाण्याला वेगळ्या काढाव्यात. कडक वाळवून, राखेत घोळून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवाव्यात.

फळझाडे आणि फुलझाडे

लिंबू, आंबा, चिकू ह्यांची मोठी छाटणी आता करू नये. वाळलेली फांदी तेवढी काढावी. जुन्या छाटणीमुळे किंवा तोडीमुळे खोड उघडे पडले असेल तर त्यावर मोरचूद व चुन्याचा लेप द्यावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असे प्रमाण आहे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करावेत. भांडे लोखंडाचे नसावे. मोगऱ्याची छाटणी झाली नसेल तर ती फेब्रुवारीत उरकावी, खत द्यावे आणि मग पाणी सुरू करावे. गुलाबाची फक्त सुकलेली फुले काढावीत.

मोहोर पूर्ण फुललेला असताना आंब्यावर कोणतेही औषध मारू नये. त्या वेळी माश्या आणि मधमाश्या फळधारणेचे काम करीत असतात. त्या मेल्या तर मोहोर उत्तम असूनही आंबा धरत नाही. भुरी दिसली तर फुले उमलण्याआधी किंवा फळधारणा झाल्यावर, पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम प्रमाणे सकाळी लवकर मारावे. भर उन्हात मारले तर पाने करपतात. कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर पाणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा द्यावे.

आपलीही काळजी

खुरपे लागले, काटा रुतला तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताची सुई घ्यायची का हे डॉक्टरांना विचारावे. पाल्याच्या ढिगात एकदम हात घालू नये. आधी काठीने हलवावे, आणि ढीग घरापासून दूर असावा. साप चावलाच तर कापणे, चोखणे, घट्ट बांधणे असे काही न करता, माणसाला न चालवता सरळ इस्पितळात न्यावे. झाडांसाठी पाणी साठवलेल्या टाक्या, पिंपे झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याने पाणी बदलले तर त्याला तो वेळच मिळत नाही.

ही सगळी कामे एका दिवसात होणार नाहीत. पहिल्या आठवड्यात भाजी लावावी, दुसऱ्यात आच्छादन, तिसऱ्यात खतखड्डा, आणि तणे जशी दिसतील तशी. एवढे केले तर मेच्या शेवटी विहिरीत डोकावताना पोटात गोळा येणार नाही. आणि जूनच्या पहिल्या सरीला घरचे काळेभोर खत घेऊन आपण शेतात उभे असू.